नगामागे किती?

जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे २५ येन, अशी मागणी होती. मागणारी कंपनी हॉलंडची फिलिप्स आणि द्यायचे होते सोनीने. १९६० चं दशक नुकतंच मध्यावर आलं होतं. फिलिप्सने खिशात मावेल एवढ्या प्लास्टिकच्या डबीत ध्वनिफीत बंद केली होती. पुढे साऱ्या जगाने जिला नुसतं ‘कॅसेट’ म्हटलं, ती हीच. सोनीच्या वतीने बोलणी करत होते नोरिओ ओगा. मूळचे ऑपेरा गायक, बर्लिनमध्ये शिकलेले, जर्मन उत्तम बोलणारे. सोनीने आपल्या इतिहासात नोंदवल्याप्रमाणे ओगांनी २५ येन द्यायला साफ नकार दिला. फिलिप्सने आकडा खाली आणला, तरी ते हलेनात. जर्मनीची ग्रुंडिग कंपनी आपली वेगळी कॅसेट घेऊन सोनीकडे आलेली होतीच. फिलिप्सशी जमलं नाही तर तिकडे जाता येईल, हे ओगांनी लपवून ठेवलं नाही. शेवटी फिलिप्सने रॉयल्टी सोडली, आणि तीही एकट्या सोनीसाठी नाही. ज्या कोणाला ही कॅसेट बनवायची असेल त्याने ती बनवावी, पैसे द्यायची गरज नाही. अट एकच : मापं फिलिप्सने ठरवलेलीच राहतील.

अभियंत्यांनी खपून तयार केलेलं तंत्र एखादी कंपनी असं फुकट का देऊन टाकते? आणि दुसरी एखादी कंपनी नगामागे एक डॉलर मागते आणि बाजार गमावून बसते, ते का? इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात असे निर्णय सतत घेतले जातात. गिऱ्हाइकाला त्यांचा पत्ता नसतो, पण फोनची किंमत, त्याला कोणता चार्जर चालेल, टीव्हीवर कोणता व्हिडिओ दिसेल, हे सगळं त्यांच्यावरच ठरतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, तंत्र चांगलं असलं की परवाना मागणाऱ्यांची रांग लागत असेल. प्रत्यक्षात देणारा आणि घेणारा दोघेही आधी वेगळीच गोष्ट जोखतात. सह्या झाल्यावर कोण कोणावर अवलंबून राहणार, याचा अंदाज दोघांनाही हवा असतो.

फिलिप्सचा हिशोब नीट पाहण्यासारखा आहे. ही कॅसेट बेल्जियममधल्या हॅसेल्ट इथल्या कारखान्यात लू ऑटन्स यांच्या हाताखाली तयार झाली. ऑटन्स यांनी आधी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला होता. तो कोटाच्या खिशात बसला पाहिजे, एवढीच त्यांची कसोटी. १९६३ च्या ऑगस्टअखेर बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट लोकांसमोर आली. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. असल्या वस्तूची किंमत ती एकट्याने बनवून वाढत नाही. मुंबईत भरलेली कॅसेट टोकियोत बनलेल्या यंत्रावर त्याच वेगाने वाजली तरच तिला अर्थ आहे. म्हणून मापांच्या अटीवर फिलिप्स अडून बसली आणि पैशांवर सैल झाली. शिवाय ती स्वतः टेपरेकॉर्डर विकत होती, फिती विकत होती, आणि जर्मनीच्या सीमेन्सबरोबर तिचा गाण्यांच्या रेकॉर्डचाही मोठा धंदा होता. कॅसेट पसरली की या तिन्ही ठिकाणी गल्ला भरणार होता. ग्रुंडिगच्या कॅसेटने दोन-तीन वर्षांत मान टाकली.

या मोफत परवान्याची फळं फिलिप्सने कल्पनाही केली नसेल अशा ठिकाणी लागली. १९८० च्या दशकात भारतात छोट्या छोट्या कंपन्या कॅसेट भरू लागल्या. ग्रामोफोन रेकॉर्ड काढायला मोठा कारखाना लागे, कॅसेटला तो लागत नव्हता. महाराष्ट्रात विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, कोळीगीतं, लावण्या एसटी स्टँडच्या टपऱ्यांपर्यंत पोचल्या. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी ज्यांच्याकडे कधी पाहिलं नसतं, अशा गायकांचे आवाज घराघरात गेले. प्रत्येक कॅसेटमागे परदेशात पैसे पाठवावे लागले असते, तर हे इतक्या स्वस्तात घडणं कठीण होतं.

फिलिप्सला मोफत परवान्यापर्यंत खेचून आणणारी सोनी दहा वर्षांनी नेमकी उलट्या बाजूला उभी राहिली. १९७५ च्या मे महिन्यात तिने बीटामॅक्स हा घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात आणला. त्याआधी तिने मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांना यंत्र दाखवून सोबत यायचं आमंत्रण दिलं होतं. पण तोवर उत्पादनाची तयारी होऊन गेलेली होती. पाहुण्यांना वाटलं, इथे आपल्याला विचारायला नाही, सांगायला बोलावलं आहे. जेव्हीसीचं व्हीएचएसवर स्वतंत्र काम चालूच होतं. तिने आपले नमुने हिताची, शार्प, मित्सुबिशी यांच्या हातात दिले आणि सुधारणा सुचवू दिल्या. १९७६ मध्ये व्हीएचएस आलं तेव्हा त्याची फीत दोन तास चालत होती. बीटामॅक्सची सुरुवात एका तासाने झाली होती. अमेरिकेच्या आरसीएला चार तासांचं यंत्र हवं होतं, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा सामना एका फितीत मावला असता. व्हीएचएसकडे वळलेल्या मात्सुशिताने ते करून दिलं.

बीटामॅक्सचं चित्र अधिक चांगलं होतं, असं आजही अनेक जाणकार सांगतात. तोशिबा आणि सान्यो काही काळ सोनीबरोबर होत्याही. पण व्हीएचएसच्या छावणीत जाणाऱ्या उत्पादकाला आपल्या मताला तिथे किंमत आहे असं दिसत होतं. १९८८ मध्ये सोनीने स्वतःच व्हीएचएस यंत्रं बनवायला घेतली.

घेणाऱ्याच्या बाजूने पाहायचं तर आणखी मागे जावं लागतं, ट्रान्झिस्टरपाशी. तो अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरमध्ये जन्मला. ही प्रयोगशाळा एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. असा शोध कोणीही तिजोरीत ठेवला असता. पण १९४९ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला होता. अशा वेळी नवा शोध दडवून ठेवणं म्हणजे सरकारच्या हातात आयतं कोलीत देणं. १९५२ च्या एप्रिलमध्ये सुमारे ४० कंपन्यांच्या प्रतिनिधींना बोलावून ट्रान्झिस्टर कसा बनवायचा हे शिकवण्यात आलं. परवान्यासाठी २५,००० डॉलर आगाऊ, तेही पुढच्या रॉयल्टीतून वळते होणारे. ऐकू न येणाऱ्यांच्या कानातल्या यंत्रांसाठी तर रॉयल्टीच माफ होती. १९५६ मध्ये खटला मिटला तेव्हाच्या तडजोडीत एटी अँड टीला आपली आधीची पेटंट जवळपास मोफत खुली करावी लागली. सिलिकॉनचा पुढचा सगळा उद्योग या सक्तीच्या उदारपणावर उभा राहिला, असं म्हणायला हरकत नाही.

या तडजोडीच्या आधीच टोकियोतली एक छोटी कंपनी हा परवाना घ्यायला निघाली होती. तिचं नाव होतं टोकियो त्सुशिन कोग्यो. पुढे तीच सोनी झाली. युद्धानंतरच्या जपानकडे परकीय चलन जेमतेम होतं आणि २५,००० डॉलर बाहेर पाठवायला व्यापार मंत्रालयाची परवानगी लागे. ही नवखी मंडळी ट्रान्झिस्टर कसले बनवणार, अशी अधिकाऱ्यांना शंका होती, त्यामुळे मंजुरीला वेळ लागला. ती मिळाल्यावर खरी अडचण समोर आली. परवान्याने फक्त बनवायची मुभा मिळाली होती. बनवायचं कसं, ते कागदात नव्हतं.

म्हणून १९५४ मध्ये काझुओ इवामा अमेरिकेला गेले. ते भूभौतिकशास्त्राचे अभ्यासक होते. दिवसा एटी अँड टीच्याच वेस्टर्न इलेक्ट्रिक या उत्पादक कंपनीच्या कारखान्यात ते प्रश्न विचारत फिरायचे. रात्री हॉटेलच्या खोलीत बसून आठवेल तेवढं कागदावर उतरवायचे, भट्ट्यांच्या आकृत्या काढायचे आणि टोकियोला पत्रं पाठवायचे. त्या पत्रांवरून टोकियोतल्या सहकाऱ्यांनी यंत्रसामग्री जुळवली. १९५५ मध्ये सोनीचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. पेटंटचा परवाना आणि हातातलं कसब यांतलं हे अंतर आजही अनेक करार बुडवतं. घेणाऱ्या उत्पादकाला दोन्हींची किंमत मोजावी लागते, आणि दुसरी किंमत करारात कुठेच लिहिलेली नसते. आपल्याकडे शिकू शकणारी माणसं आहेत की नाहीत, हे ज्याला ठाऊक असतं तोच परवान्याचा भाव नीट ठरवू शकतो.

परवाना हाच धंदा करायचा असेल तर काय काय सांभाळावं लागतं, हे सर्वांत आधी ज्यांना उमगलं त्यांत रे डॉल्बी यांचं नाव घ्यावं लागेल. त्यांच्या गोष्टीतला एक तुकडा भारतातला आहे. १९६३ ते १९६५ या काळात हे अमेरिकी अभियंते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत काम करत होते. फितीवरच्या सततच्या खरखरीचा प्रश्न तेव्हा त्यांच्या डोक्यात घोळत होता. इथून ते लंडनला गेले आणि १९६५ मध्ये त्यांनी आपली कंपनी काढली.

त्यांची पहिली यंत्रं स्टुडिओंसाठी होती. घरगुती कॅसेटसाठी पुढे ‘डॉल्बी बी’ ही पद्धत आली. भरताना आवाजातले हळू, बारीक आणि उंच स्वर मुद्दाम सुमारे दहा डेसिबलने चढवायचे आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे. फितीची खरखर नेमकी त्याच पट्ट्यात असते, त्यामुळे उतरवताना तीही खाली बसते. पण भरणाऱ्या यंत्राने चढवलेलं आणि वाजवणाऱ्या यंत्राने उतरवलेलं तंतोतंत जुळलं नाही, तर गाण्याचा सूरच बदलल्यासारखा वाटतो. एका उत्पादकाने हलका सुटा भाग वापरला की बदनामी डॉल्बीची. म्हणून परवाना घेणाऱ्याला आपल्या यंत्राचा नमुना तपासणीसाठी पाठवावा लागे, तेव्हाच दोन ‘डी’ पाठीला पाठ लावून उभे असलेलं ते चिन्ह यंत्रावर छापता येई.

पैसे कोणाकडून घ्यायचे, हा डॉल्बी यांचा दुसरा निर्णय होता. गाणी भरून विकणाऱ्या कॅसेट कंपन्यांकडून नगामागे रॉयल्टी घ्यायची नाही, यंत्र बनवणाऱ्यांकडून घ्यायची. डॉल्बीत भरलेल्या कॅसेट बाजारात वाढल्या की गिऱ्हाईक दुकानात जाऊन डॉल्बीचा डेक मागतो, आणि मग उत्पादकाला परवाना घ्यावाच लागतो. यंत्रांचे उत्पादक मोजके, त्यांचे कारखाने ठाऊक, विक्रीचे आकडे तपासता येण्याजोगे. कॅसेट भरणारे मात्र गल्लोगल्ली. वसुली सोपी कुठे आहे, हा प्रश्न वरवर कारकुनी दिसतो, पण परवान्याच्या धंद्यात तो पहिल्या दिवशी सोडवावा लागतो. जेव्हीसीने एएनआरएस नावाची स्वतःची पद्धत काढून डॉल्बीची रॉयल्टी वाचवायचा प्रयत्न केला, पण बाजारातल्या कॅसेट डॉल्बीच्या होत्या. आज या कंपनीच्या महसुलाचा सुमारे नव्वद टक्के भाग परवान्यांतून येतो.

डॉल्बी यांच्या या शिस्तीपुढे ॲपलच्या फायरवायरची कहाणी वाचली की वाईट वाटतं, कारण तंत्र खरोखर उत्तम होतं. कॅमेरा, हार्ड डिस्क संगणकाला जोडायची ही पद्धत सेकंदाला ४०० मेगाबिट माहिती नेत असे, आणि त्याच काळातली यूएसबी फक्त १२. १९९९ च्या सुरुवातीला बातमी आली की ॲपल फायरवायरच्या प्रत्येक पोर्टमागे एक डॉलर रॉयल्टी मागणार आहे. सामान्य वाचकाला डॉलर फार वाटणार नाही. पण संगणकाचा मदरबोर्ड बनवणारा उत्पादक सेंटांचा हिशोब करतो. दोन पोर्ट दिले तर दोन डॉलर गेले, आणि समोरच्या स्पर्धकाने ते न देता तीच वस्तू स्वस्तात विकली. बाकीच्या पेटंटधारकांबरोबर बसून ॲपलने पुढे ही रक्कम एका यंत्रामागे २५ सेंटवर आणली, पण तोवर मनं फिरली होती.

इंटेलने यूएसबीवर नगामागे काहीच घेतलं नाही, यामागे तिची कमाई कुठे होती हे पाहायला हवं. इंटेल प्रोसेसर विकत होती. संगणकाला माउस, प्रिंटर, कॅमेरा जितक्या सहज जोडता येतील तितके संगणक खपणार, आणि प्रत्येकात इंटेलची चिप. यूएसबीच्या या कामात पुढाकार घेणारे अभियंते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकून गेलेले. २००० मध्ये यूएसबीची दुसरी आवृत्ती आली, ४८० मेगाबिटची. मोठ्या आकाराच्या फायली सलग नेण्यात फायरवायर तरीही सरस होती आणि चित्रपट-व्हिडिओच्या लोकांनी ती बरीच वर्षं वापरली. इतर सगळ्या संगणकांवर मात्र यूएसबीच बसली. ॲपलला पोर्टमधून कमाई करायची होती, इंटेलला पोर्टच्या जोरावर. उत्पादकांनी कोणाकडे जायचं हे ठरवायला फार वेळ घेतला नाही.

परवाना दिल्याने आपलंच गिऱ्हाईक जाईल, ही भीती कधी कधी खरी ठरते, आणि तिचाही अनुभव ॲपलनेच घेतला. १९९५ पासून तिने मॅकिंटॉशची कार्यप्रणाली इतर उत्पादकांना द्यायला सुरुवात केली होती. बाजार वाढेल, अशी आशा. पण पॉवर काँप्युटिंगसारख्या कंपन्यांनी त्याच कार्यप्रणालीवर अधिक वेगवान, स्वस्त संगणक काढले आणि ॲपलचीच चांगली गिऱ्हाइकं नेली. नवी गिऱ्हाइकं फारशी आली नाहीत. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स परतले तेव्हा त्यांनी हे परवाने बंद केले आणि पॉवर काँप्युटिंगचा मॅकचा धंदा १० कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात विकत घेतला.

याच भीतीची दुसरी बाजू परवाना घेणाऱ्याच्या मनात असते. जो आपल्याशी बाजारात स्पर्धा करतो त्याच्याकडून तंत्र कसं घ्यायचं? क्वालकॉमने मोबाइलचं सीडीएमए तंत्र विकसित केलं तेव्हा ती स्वतः फोनही बनवत होती आणि टॉवरवरची यंत्रणाही. १९९९ मध्ये तिने यंत्रणेचा धंदा एरिक्सनला विकला. फोनचा कारखाना पाठोपाठ क्योसेराला गेला. मग ती चिप आणि पेटंट यांवरच उभी राहिली. आता फोन बनवणारा कोणीही तिच्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून न पाहता करार करू शकत होता. रॉयल्टी किती घ्यावी यावरून मात्र तिची अनेक देशांतल्या नियामकांशी जुंपली, ती वेगळी कथा आहे.

इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एआरएमने हा धडा जन्मतःच गिरवला होता. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये एकोर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय या कंपन्यांनी मिळून ती काढली. बारा अभियंते एका जुन्या धान्याच्या कोठारात बसून काम करू लागले. चिपचा कारखाना काढायला पैसे नव्हते, म्हणून चिपचा आराखडा विकायचा ठरला. आधी परवान्याची ठोक रक्कम, मग विकल्या गेलेल्या प्रत्येक चिपमागे थोडीशी रॉयल्टी. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये तिचे आराखडे आहेत. एकमेकांच्या नरडीला नख लावणाऱ्या कंपन्या निर्धास्तपणे तिच्याकडून आराखडे घेत राहिल्या, कारण ती स्वतः चिप विकत नव्हती.

या निर्धास्तपणाची किंमत २०२० मध्ये जगाला दिसली. एनव्हिडियाने ४० अब्ज डॉलरना एआरएम विकत घ्यायची घोषणा केली. एनव्हिडिया स्वतः चिप विकते. उद्या आमचा परवाना आमच्या स्पर्धकाच्या हातात, ही चिंता एआरएमच्या ग्राहकांनी उघड बोलून दाखवली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तो रोखण्यासाठी दावा दाखल केला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत हा सौदा रद्द झाला. एवढा मोठा व्यवहार तंत्राच्या गुणवत्तेवरून नाही, तर मालक कोण यावरून मोडला.

भारतातल्या फोन उत्पादकांना हा विषय कळला तो कोर्टाच्या पायऱ्यांवर. २०१० च्या सुमारास मायक्रोमॅक्स, लावा, इंटेक्स अशा कंपन्या स्वस्त फोनांनी बाजार भरून टाकत होत्या. चीन-तैवानमधून चिप आणि सुटे भाग यायचे, फोनवर नाव आपलं. पण मोबाइलच्या जाळ्यात संदेश नेण्याच्या पद्धतींवर एरिक्सनची पेटंट होती, आणि ती टाळून फोन बनवणं शक्यच नव्हतं. मानकाचा भाग झालेल्या अशा पेटंटना अनिवार्य पेटंट म्हणतात. त्यांचा मालक परवाना नाकारू शकत नाही. न्याय्य, वाजवी आणि भेदभाव न करणाऱ्या अटींवर तो द्यायचा, असं बंधन त्याने मानक ठरतानाच स्वीकारलेलं असतं. वाजवी म्हणजे किती, इथे घोडं अडतं.

एरिक्सन २०१३ मध्ये मायक्रोमॅक्सविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली, पुढे इतरांविरुद्ध. भारतीय कंपन्यांचं म्हणणं असं की तंत्र चिपमध्ये आहे, तर रॉयल्टी चिपच्या किमतीवर लावा. पडदा, बॅटरी, कॅमेरा यांच्या किमतीवर एरिक्सनचा काय हक्क? एरिक्सन म्हणत होती, फोनला फोनपण या तंत्रामुळे येतं, तेव्हा टक्केवारी पूर्ण फोनवर. काहीशे रुपयांची चिप आणि काही हजारांचा फोन यांतला फरक म्हणजे कंपनीच्या सगळ्या नफ्याचा प्रश्न. लावाचा खटला २०१५ पासून चालला. २०२४ च्या मार्चमध्ये न्यायालयाने पूर्ण फोनची किंमत हाच पाया धरला आणि लावाला सुमारे २४४ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तोवर भारतीय स्वस्त फोनांचा बहर कधीच ओसरला होता. त्यामागे चिनी कंपन्यांचा रेटा मोठा होता हे खरं. पण ज्या उत्पादकाने फोनची किंमत ठरवतानाच रॉयल्टी धरली नव्हती, त्याच्या नफ्याचा आकडा पहिल्या दिवसापासून खोटा होता. हे कडवट आहे, तरी आज भारतात नव्याने कारखाने उभे करणाऱ्यांनी हा निकाल मुळातून वाचायला हवा.

खरं तर रॉयल्टीच्या आकड्यापेक्षा अनिश्चितता उत्पादकाला जास्त जाचते. एचईव्हीसी ही व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत २०१३ मध्ये आली आणि फार चांगली निघाली. पण तिची पेटंटं अनेकांकडे विखुरलेली. एमपीईजी एलए, एचईव्हीसी ॲडव्हान्स, व्हेलोस मीडिया अशा एकीहून अधिक गटांनी आपापले दर जाहीर केले, आणि काही पेटंटधारक कुठल्याच गटात गेले नाहीत. तिघांना पैसे दिल्यावर चौथा येणार नाही, याची हमी कोण देणार? २०१५ मध्ये गूगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स, इंटेल आदींनी एकत्र येऊन रॉयल्टी न घेणारी पर्यायी पद्धत तयार करायचं ठरवलं, आणि २०१८ मध्ये एव्ही-वन आली. टीव्ही आणि फोनमध्ये आज दोन्ही पद्धतींची सोय ठेवावी लागते.

भारताने चिपच्या बाबतीत वेगळी वाट धरली आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झालेली रिस्क-व्ही ही प्रोसेसरची आज्ञावली कोणीही रॉयल्टीशिवाय वापरू शकतो. तिचा कारभार पाहणारी संस्था २०२० मध्ये मुद्दाम स्वित्झर्लंडला नेली, म्हणजे एका देशाच्या सरकारला तिच्यावर दाब आणता येऊ नये. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर याच पायावर आहेत. पण आज्ञावली मोफत म्हणजे चिप मोफत नाही. मेमरीला जोडणारे भाग, आराखडा काढायची सॉफ्टवेअरं, तपासणीची साधनं, यांचे परवाने अजून बाहेरूनच घ्यावे लागतात.

मोबाइलमध्ये तर देवाणघेवाण हाच नियम आहे. एरिक्सन, नोकिया, सॅमसंग, हुआवे एकमेकांना रॉयल्टी मागतात तेव्हा दोन्ही बाजूंच्या पेटंटचा हिशोब मांडला जातो, आणि फरकापुरते पैसे हात बदलतात. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही तो पूर्ण रोख मोजतो. भारताने हे ओळखून ५जीच्या वेळी एक प्रयत्न केला. गावं विरळ आणि टॉवर लांब लांब असतील तरी संदेश दूरवर पोचावा, यासाठी आयआयटी मद्रास आणि आयआयटी हैदराबाद इथल्या संशोधकांच्या कामावर आधारलेलं ‘५जीआय’ हे मानक मांडलं गेलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने त्याची दखल घेऊन मान्यताही दिली.

पण देशातल्याच दूरसंचार कंपन्या आणि यंत्रणा बनवणारे उत्पादक बिचकले. बाकी जगाचे फोन आणि टॉवर एका मानकावर, आणि फक्त भारतासाठी वेगळी चिप, वेगळी चाचणी, वेगळा खर्च. एवढ्या एका बाजारासाठी हा खटाटोप कोण करणार? वाद बराच चालला. शेवटी २०२१-२२ च्या सुमारास तडजोड निघाली : वेगळं मानक रेटण्याऐवजी ५जीआयमधले कामाचे भाग जागतिक ५जी मानकाच्या सतराव्या आवृत्तीत घालायचे. आता ६जीची आखणी सुरू झाली आहे, आणि भारतीय संशोधक या वेळी आपले प्रस्ताव त्याच जागतिक मानकाच्या टेबलावर ठेवत आहेत.